लेकीच्या दारातला बर्फ आणि मुलुंडचा फ्लॅट

विलेपार्ल्याहून एका काकूंचं पत्र आलंय. वय ६८, यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक लेक, जावई आणि नात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ अकरा वर्षं राहतात. तिथल्या बर्फाला तिघंही कंटाळलीत आणि टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला जायचं म्हणतात. तिकडे हवा उबदार आणि सगळं स्वस्त, असं त्यांचं म्हणणं. तिथे घर घ्यायला १ लाख डॉलर हवेत. त्यासाठी काकूंनी मुलुंड पूर्वेचा, २००९ साली घेतलेला वन बीएचके विकावा असं घरात जवळजवळ ठरलंय. "शेवटी सगळं तिचंच आहे, मग आत्ताच दिलं तर काय बिघडलं?" असं काकू विचारतात. सोबत चौकटीच्या वहीचा एक कागद आहे. त्यावर महिन्याचा जमाखर्च लिहिलाय, दूधवाल्यापासून गुडघ्याच्या फिजिओथेरपीपर्यंत.

काकू, लेकीने बफेलो जरूर सोडावं. तुम्ही मात्र मुलुंडचा फ्लॅट विकू नये. लेकीच्या जाण्याला मुलुंडच्या पैशांची गरजच नाही, ते पुढे दाखवतो.

डिसेंबर २०२२ च्या वादळातला व्हिडिओ तुम्ही पत्रात वर्णन केलाय. लेकीने दार आत ओढलं तर समोर कमरेएवढी पांढरी भिंत आणि तिच्यावर दाराच्या नक्षीचा ठसा. त्या वादळात बफेलो परिसरात चाळीसहून अधिक माणसं दगावली. ईरी सरोवरावरून येणारा गार वारा पाण्याची वाफ उचलतो आणि काठावरच्या गावांवर बर्फ करून टाकतो. हे दर हिवाळ्याचं आहे. जावयांची पाठ दुखते, नात चार महिने घरात कोंडलेली असते, आणि तुम्हाला त्या घसरड्या पायऱ्यांवर यायची भीती वाटते म्हणून तुम्ही तीन वर्षं गेला नाहीत. घर बदलायला एवढी कारणं पुरेशी आहेत. ती पैशांत मोजायची गरज नाही. फक्त "स्वस्त पडतं म्हणून जातोय" असं कोणी म्हणत असेल तर ते तपासावं लागेल.

आधी तुमचा कागद. मुलुंडचं भाडं २८,०००. सोसायटीचा मेंटेनन्स आणि वर्षाची किरकोळ दुरुस्ती वजा जाता २४,००० हातात. सीनियर सिटिझन स्कीममधल्या १५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५०, म्हणजे महिन्याला १०,२५०. यजमानांच्या पीएफमधून येणारी तुमची पेन्शन २,९००. बेरीज ३७,१५०. खर्च ३६,०००. म्हणजे आज तुमचं भागतं, पण अगदी काठावर. या सगळ्यात महागाईबरोबर वाढणारं उत्पन्न एकच, मुलुंडचं भाडं.

आता विक्रीचा हिशेब. एजंटने १ कोटी १५ लाख सांगितलेत, तेच धरू. दलाली आणि बाकी खर्च दीड लाख. कर किती? तुम्ही भारतात राहता आणि फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधीचा आहे, म्हणून तुम्हाला दोन वाटा आहेत. इंडेक्सेशन (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) न घेता १२.५ टक्के, किंवा इंडेक्सेशन घेऊन २० टक्के. त्यासाठीचा २००९-१० चा महागाई निर्देशांक १४८, २०२५-२६ चा ३७६. त्यामुळे तुमचे खरेदीचे ३२ लाख कराच्या हिशेबात ८१ लाख ३० हजार होतात आणि नफा उरतो ३३ लाख ७० हजार. त्यावर २० टक्के, अधिभार आणि उपकर धरून पावणेआठ लाखांच्या आसपास. पहिल्या वाटेने गेलात तर हाच आकडा १२ लाखांच्या घरात जातो. म्हणजे तुमच्यासाठी इंडेक्सेशनच बरं.

डॉलरला ९० रुपये धरले तर १ लाख डॉलर म्हणजे ९० लाख. परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तेव्हा मर्यादेची अडचण नाही. अडचण टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराची आहे. नातेवाइकाला भेट म्हणून पैसे पाठवताना वर्षातल्या १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. ८० लाखांवर १६ लाख! हा कर बुडत नाही. तुमच्या कराशी वळता होतो आणि उरलेला रिटर्न भरल्यावर परत येतो. पण तोपर्यंत १ कोटी १५ लाखांच्या फ्लॅटचे तुमच्या हातात सहा-साडेसहा लाख असतील. परतावा आल्यावर एकूण सोळा लाखांच्या आत.

त्यातले १५ लाख त्याच स्कीममध्ये टाकलेत तर आणखी १०,२५०. तुमचं महिन्याचं उत्पन्न होईल २३,४०० आणि खर्च तोच ३६,०००. दर महिन्याला साडेबारा हजारांचा खड्डा, आणि तो भरायला बँकेतली ९ लाखांची ठेव. त्याच ठेवीतून उद्या गुडघ्याचं ऑपरेशनही करायचं आहे. तुमचा आरोग्य विमा ५ लाखांचाच आहे, हे विसरू नका.

लेक म्हणते, पाच वर्षांत परत करू. तिचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. पण गृहकर्ज देणारी अमेरिकन बँक अशा पैशांसाठी तुमच्याकडून सहीचं गिफ्ट लेटर मागते. त्यात स्पष्ट लिहावं लागतं की ही रक्कम भेट आहे, परत करायची नाही. घरात "परत करू" आणि कागदावर "परत करायचे नाहीत", अशी दोन तोंडं असलेल्या व्यवहारात आईने सही करू नये. मुलीलाही तसं करायला लावू नये. कर्जाच्या अर्जात खोटं लिहिणं तिकडे गुन्हा आहे.

आता लेकीच्या हिशेबाकडे येतो. बफेलोचं घर त्यांनी २०१६ मध्ये १,८५,००० डॉलरला घेतलं, आज २,९०,००० ला जाईल. कर्ज उरलंय १,२०,०००. एजंट, वकील आणि कागदपत्रांचे २०,००० गेले तरी दीड लाख डॉलर हातात येतात. सॅन अँटोनियोला ते बघताहेत ते घर साडेतीन लाखांचं. २० टक्के भरले की कर्जावरचा जादा विमा टळतो. म्हणजे ७०,००० डॉलर. ते भरूनही ८०,००० उरतात! तुमचा एक रुपयाही लागत नाही.

मग ते मागताहेत का? कारण बफेलोचं घर त्यांना विकायचं नाही, भाड्याने द्यायचंय. त्यामागे एक खरं कारण आहे आणि ते मी उडवून लावणार नाही. २०२१ मध्ये त्यांनी कर्ज ३ टक्क्यांवर आणलं. आता नवं कर्ज साडेसहाच्या आसपास मिळेल. तीन टक्क्यांचं कर्ज सोडायला कोणाचाही जीव होणार नाही. पण अडीच हजार किलोमीटरवरून घरमालकी करणं सोपं नाही. जानेवारीत पाइप गोठून फुटला तर रात्री दोन वाजता प्लंबर कोण शोधणार? शिवाय राहत्या घराच्या विक्रीवर नवरा-बायकोला मिळून ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा तिथे करमुक्त असतो, पण त्यासाठी विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. घर भाड्याने देऊन तीन वर्षं उलटली की ही सूट जाते. भारतातल्या आईचं भाडं बंद करून अमेरिकेत नवं भाडं सुरू करायचं, असा हा व्यवहार आहे, काकू. या शब्दांत तो घरात कोणी मांडला नसेल.

"टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही" हे जावयांचं मुख्य कलम. खरंच नाही. दोघांच्या मिळून १,४०,००० डॉलर पगारावर न्यूयॉर्क राज्याला ते आज साडेसहा हजार डॉलरच्या आसपास देतात, आणि तेवढे वाचतील असं त्यांनी धरलंय. पण तुम्ही लिहिलंय की जावई बफेलोच्याच कंपनीत राहणार आणि टेक्सासच्या घरून काम करणार. इथे मोठी मेख आहे. न्यूयॉर्कचा नियम असा की कंपनी तिथली असेल आणि माणूस स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यात बसून काम करत असेल, तर तो पगार न्यूयॉर्कमध्येच कमावला असं धरतात. म्हणजे जावयांच्या ८५,००० डॉलरवरचा कर चालूच राहील, वर्षाला चार हजारांच्या आसपास. वाचतील ते लेकीच्या पगारावरचे, तेही तिला तिकडे नोकरी मिळाल्यावर. जावयांना म्हणावं, तिकडच्या सीपीएला, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारख्या माणसाला, हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरं, आयकर नसलेलं राज्य पैसा कुठून तरी उभा करतंच. टेक्सासमध्ये घरपट्टीचा भार मोठा. अनेक उपनगरांत ती घराच्या किमतीच्या २ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे साडेतीन लाखांच्या घरावर वर्षाला ७,००० डॉलर. राहत्या घराची सवलत मिळते, पण ती स्वतः अर्ज करून घ्यावी लागते. बफेलोलाही घरपट्टी कमी नाही, हे मान्य. पण तिथे ती लहान किमतीवर लागते.

आणि गारा. एप्रिल २०१६ मध्ये सॅन अँटोनियोत एवढ्या मोठ्या गारा पडल्या की गाड्यांच्या काचा आणि घरांची छपरं फुटली. टेक्सासच्या इतिहासातलं तोपर्यंतचं ते सर्वांत महाग गारपिटीचं वादळ ठरलं. म्हणून तिथल्या घरविम्यात वारा-गारांसाठी वेगळी अट असते. नुकसानीतला पहिला वाटा, बऱ्याचदा विम्याच्या रकमेच्या १ ते २ टक्के, मालकाने सोसायचा. ३ लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे ६,००० डॉलर खिशातून. पॉलिसीतली ही ओळ सही करण्याआधी वाचायची. उन्हाळ्याचंही सांगतो. २०२३ मध्ये तिथे पारा १०० फॅरेनहाइटला, म्हणजे आपल्या ३८ अंशांना पोचला असे ७० हून अधिक दिवस होते. हिवाळ्यातलं गॅसचं बिल वाचेल, पण ते बरंचसं एसीत जाईल. बर्फ काढणाऱ्याचे पैसे, हिवाळी टायर, रस्त्यावरच्या मिठाने गंजणारा गाडीचा पत्रा, हे मात्र खरोखर सुटेल.

कॅलिफोर्नियातून आलेल्याला टेक्सास स्वस्त वाटतं. बफेलो हे मुळातच अमेरिकेतल्या स्वस्त शहरांपैकी एक आहे. तिथून जाणाऱ्याचा खर्च कमी होईलच असं नाही. हवेसाठी जावं, आणि त्या हवेची किंमत त्यांनी त्यांच्या घरातून द्यावी.

मी लेकीला असं सांगेन. बफेलोचं घर वसंतात बाजारात काढा, तिकडे घरं तेव्हाच चांगली जातात. सॅन अँटोनियोला वर्षभर भाड्याने राहा. एक पूर्ण उन्हाळा काढा, नातीची शाळा बघा, लेकीच्या नोकरीचं नक्की होऊ दे. दीड लाख डॉलर तोवर बँकेत व्याज खातील. मग घर घ्या. वर्षभराचं भाडं फुकट गेलं असं वाटेल, पण चुकीच्या उपनगरात तीस वर्षांचं कर्ज घेण्यापेक्षा ते परवडतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. सगळं तिचंच आहे, हे खरं. म्हणूनच आत्ता विकायची घाई नको. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार आणि जमल्यास नोंदणी, आणि फ्लॅट तिच्या नावे लिहा. वारसाहक्काने मिळालेल्या घरावर भारतात वारसा कर नाही. पुढे तिने विकलं तर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम ती तिकडे नेऊ शकते. सोसायटीत नॉमिनेशन भरलंय का तेही बघा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पण कागद नसला की लेकीला मुंबईत खेटे घालावे लागतात.

हात रिकामा ठेवून "नाही" म्हणणं आईला जड जातं, हे समजतं. सामान हलवायच्या खर्चाला ठेवीतून दोन लाख पाठवा. ते १० लाखांच्या आत आहेत, टीसीएस लागणार नाही. त्याहून जास्त नको.

भाडेकरूचा करार मार्चमध्ये संपतोय असं लिहिलंत आणि विक्रीसाठी तो वाढवायचा थांबवलात. या आठवड्यात त्याला फोन करा. माणूस चांगला आहे, वेळेवर भाडं देतो असं तुम्हीच लिहिलंय. पाच टक्के वाढवून मागा, २९,४००. करार नोंदवून घ्या आणि मग रविवारी लेकीला व्हिडिओ कॉल लावा.