रोज पालेभाजी खाते, मग फोलिक ॲसिडची गोळी आत्तापासूनच कशाला?

ताई, तुम्ही विचारलंय की लग्नाला पाच महिने झाले, बाळाचा विचार सुरू आहे आणि डॉक्टरीणबाईंनी आत्ताच फोलिक ॲसिड लिहून दिलंय. घरी रोज पालेभाजी होते, नागपुरात संत्र्यांनाही तोटा नाही. मग दिवस राहिल्यावर गोळी सुरू केली तर काय बिघडतं?

बिघडतं ते तारखेमुळे.

मी डॉक्टर नाही. मेडिकल चौकाजवळ माझं औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. (आमच्याकडे ‘मेडिकल’ म्हणजे सरकारी दवाखाना, त्यामुळे दुकानाला काय म्हणावं हा घोळ कायमचाच.) पहिल्यांदा ही बारकी पिवळी गोळी मागायला येणाऱ्या बहुतेक सुनांच्या पर्समध्ये सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो, सात आठवडे, आठ आठवडे. ज्या कामासाठी गोळी सगळ्यात जास्त लागते ते तोवर उरकलेलं असतं.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती सुरुवातीला नळी नसतेच, सपाट पट्टी असते. करंजीची पारी दुमडून आपण कडा जुळवतो ना, तशा त्या पट्टीच्या कडा वर उचलून एकमेकींना चिकटतात. गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत हे संपतं. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींनी तर तोवर टेस्टही केलेली नसते. कडा खाली जुळल्या नाहीत तर पाठीचा कणा उघडा राहतो, वर जुळल्या नाहीत तर मेंदूच नीट बनत नाही. त्या दिवसांत पेशी भराभर दुप्पट होत असतात, दर वेळी नवा डीएनए बांधावा लागतो आणि त्याला फोलेट लागतं (फोलिक ॲसिड म्हणजे त्याचंच गोळीतलं रूप). ते रक्तात आधीपासून साठलेलं हवं, म्हणून निदान एक महिना आधी, जमल्यास तीन महिने आधी सुरुवात. ज्यांचं आधीचं बाळ या दोषाचं होतं अशा बायकांवरच्या ब्रिटिश संशोधनाचे निकाल 1991 साली आले. फोलिक ॲसिड घेतलेल्यांमध्ये हा धोका जवळपास तीन चतुर्थांशाने घटला होता.

चिठ्ठीवरचा आकडा मात्र नीट बघा. नेहमीचा डोस दिवसाला 400 मायक्रोग्रॅम. दुकानात सर्रास मिळणारी गोळी 5 मिलिग्रॅमची, म्हणजे साडेबारा पट. आधीच्या बाळात दोष होता, फिट्सचं औषध चालू आहे, मधुमेह आहे, अशांना डॉक्टर मुद्दाम मोठा डोस देतात. जावेची उरलेली स्ट्रिप उचलून सुरू करू नका.

आता तुमचा पालक. फोलेट हे नावच लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून आलंय आणि 1941 साली ते वेगळं काढलं तेही पालकातून. पण ते पाण्यात विरघळतं, उष्णतेने मरतं. आमच्या घरी आई पालक उकडून ते हिरवंगार पाणी मोरीत ओतायची. निम्मं फोलेट तिथेच जायचं. त्यापेक्षा डाळभाजी करा, पाणी वरणातच राहतं. तूर, मूग, चवळी, शेंगदाणे यांतही भरपूर असतं. तर्री-पोह्यातले चणेसुद्धा मी यात धरतो, तर्रीचं तेल नाही धरत.

आणि फोलेटच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतली. 1928 साली डॉ. ल्युसी विल्स ही इंग्रज बाई तिथे आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना भयंकर रक्तक्षय व्हायचा. साध्या यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे तिने दाखवलं आणि 1931 मध्ये छापलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

नागपुरात राहता म्हणून एक गोष्ट सांगतोच, तुम्ही विचारली नसली तरी. दोघांनीही सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घ्या. विदर्भात हा आजार बराच आहे. दोघंही नुसते वाहक असाल, म्हणजे स्वतःला आजार नाही पण दोष अंगात आहे, तरी प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. माझ्याकडे गडचिरोलीकडचा एक मुलगा दर महिन्याला याच पिवळ्या गोळ्या न्यायला येतो. आपली लाल पेशी 120 दिवस जगते, सिकलसेलवाल्याची दहा-वीस दिवसांत फुटते. नव्या पेशी बनवता बनवता शरीरातलं फोलेट संपतं, म्हणून त्याला ती रोज लागते.

तुम्ही शुद्ध शाकाहारी असाल तर बी-12 सुद्धा तपासायला सांगा. बी-12 कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळं छान वाटतं, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

राहिली संत्री. एका मध्यम संत्र्यात साधारण 40 मायक्रोग्रॅम. म्हणजे रोजची दहा, आणि अन्नातलं फोलेट गोळीइतकं अंगी लागत नाही, त्यामुळे खरं तर दीड डझन. एवढी सोलाल एक वेळ, पण मृग बहाराची संत्री एप्रिलात संपतात. पुढचा अंबिया बहार बाजारात येईपर्यंत काय खाणार?