नव्या सर्व्हरवर गाण्यांचा संग्रह हलवताना टॅग, कव्हरं आणि प्ले-काउंट कसे जपायचे?

विंडोजवर आयट्यून्समध्ये असलेला संग्रह लिनक्सच्या होम सर्व्हरवर, नॅव्हिड्रोम या गाणी ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचाय, असं तुम्ही म्हणता. आणि जाता जाता विचारलंय, ‘टॅग थोडेफार गेले तरी इंटरनेटवरून आपोआप भरून घेता येतील ना?’ या शेवटच्या ओळीनेच मला लिहायला बसवलं. भरता येतील, पण ते तुमचे नसतील, दुसऱ्याच कोणाचे तरी असतील.

टॅग, म्हणजे गाण्याचं नाव, गायक, वर्ष असली माहिती, फाइलीच्या पोटात असतात. फाइल जशीच्या तशी गेली की टॅगही गेले, ते वेगळे जपावे लागत नाहीत. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकला आर्काइव्ह पर्याय लावा म्हणजे तारखाही टिकतात. कॉपी झाल्यावर फाइलींचा मजकूर ताडून बघणारा चेकसम पर्याय आणि यादी दाखवणारा पर्याय लावून ड्राय रन, म्हणजे काहीही न हलवता नुसती तालीम, घ्या. यादीत एकही फाइल आली नाही म्हणजे सगळं पोचलं. नॅव्हिड्रोमही फाइलीतले टॅग नुसते वाचतो, त्यात लिहीत नाही. बिघडतं ते त्यानंतर, ‘आता जरा नीटनेटकं करून टाकू’ म्हणून माणसं जे उद्योग करतात त्यात.

आमचे थोरले काका सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायचे. घरगुती बैठका त्यांनी वर्षानुवर्षं कॅसेटवर घेतल्या, गायकाला विचारून, आणि प्रत्येक कॅसेटची नोंद एका लांबट हिशेबाच्या वहीत केली. राग, ताल, तबल्याला कोण, पेटीला कोण, मागे तंबोऱ्यावर कोण, बैठक कोणाच्या घरी. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची, त्यामुळे विलंबित रंगात यायला आणि बाजू संपायला एकच गाठ. त्याचीही नोंद आहे: ‘अ बाजू संपली तेव्हा आलापी तार षड्जावर. मधलं थोडं गेलं.’ एका पानावर समासात नुसतंच, ‘पंखा कोणी लावला?’

हे सगळं मी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गमावणाऱ्या फाइलींत, घेतलं आणि वहीतली ओळन् ओळ टॅगमध्ये भरली. फ्लॅकमध्ये हव्या त्या नावाचे रकाने करता येतात. मी राग, ताल, तबला, पेटी, स्थळ असे केले. रकान्याचं नाव तेवढं इंग्रजी अक्षरांत लागतं; आतला मजकूर युनिकोडमध्येच असतो, त्यामुळे तिथे देवनागरी बिनधास्त लिहा. वेव्ह फाइली असतील तर हलवण्याआधी फ्लॅक करून घ्या. वेव्हमधले टॅग कुठलं सॉफ्टवेअर वाचेल आणि कुठलं नाही याचा भरवसा नाही.

नवा सर्व्हर आला तेव्हा माझा चुलतभाऊ, म्हणजे काकांचाच मुलगा, मदतीला आला. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे, त्यामुळे आमच्या घरातला संगणकाचा शेवटचा शब्द त्याचा. ‘तू भरलेल्या टॅगना काही शिस्त नाही,’ म्हणत त्याने टॅग जुळवणारं एक सॉफ्टवेअर नव्या प्रतीवर सोडलं आणि चहा प्यायला बसला. असली सॉफ्टवेअरं एक तर ध्वनीच्या ठशावरून ओळखतात, नाहीतर टॅगमधल्या शब्दांवरून. ठसा तेव्हाच जुळतो जेव्हा तेच ध्वनिमुद्रण आधी कोणी तरी नोंदवलेलं असतं. कसब्यातल्या कोणाच्या माडीवरची बैठक कोण नोंदवणार? मग उरतो शब्दांवरचा अंदाज. गायक जुळला, राग जुळला, लाव बाजारातली सीडी. बघता बघता माडीवरच्या पूरियाधनाश्रीला कुठल्याशा ‘बेस्ट ऑफ’चं गुलाबी कव्हर चिकटलं, वर्ष त्या सीडीचं आलं आणि पेटीवाल्यांचं नाव साफ पुसलं गेलं.

जुनी डिस्क मी रीड-ओन्ली करून ठेवली होती आणि सगळ्या टॅगची तक्त्यासारखी (सीएसव्ही) यादीही आधीच काढली होती, म्हणून नुकसान झालं नाही. पण चुलतभाऊसाहेबांना त्याचं काहीच वाटलं नाही. ‘पेटीला कोण होतं हे वाचतो कोण? गाणं ऐकू येतंय ना?’ ज्यांच्या वडिलांनी ती वही लिहिली त्यांचं हे वाक्य.

पुढे त्याच पेटीवाल्यांचा नातू कोणाकडून तरी ऐकून आमच्याकडे आला. आजोबांची साथ कुठे ऐकायला मिळेल का, एवढंच त्याचं म्हणणं. मी टॅगमध्ये शोध घेतला, बैठका समोर आल्या, मुलगा हेडफोन लावून बराच वेळ बसला. चुलतभाऊ तिथेच होता. म्हणाला, ‘हे बाबांच्या वहीतही सापडलं असतं.’ सापडलं असतं, पण पानं कोण चाळणार होतं, तू?

माहिती ध्वनीच्या सोबतच जायला हवी, हे खूळ माझं एकट्याचं नाही. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जानची ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हा गाणं संपल्यावर ती इंग्रजीत ओरडून सांगायची, ‘माय नेम इज गौहर जान.’ तबकड्या निघायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या लोकांना लेबलावर कोणाचं नाव घालायचं ते कळायला हवं ना.

आता देवनागरीवाल्यांनी सांभाळायच्या गोष्टी. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीमवर फाइलीचं नाव 255 बाइटांपर्यंतच चालतं आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, 3 बाइट खातं. नुसतं ‘पूरियाधनाश्री’ 39 बाइटांचं आहे. विंडोजची मर्यादा वेगळ्या हिशेबाने मोजली जाते, त्यामुळे तिकडे सुखाने नांदणारं लांबलचक नाव इकडे येताना अडतं आणि ती फाइल मागेच राहते. म्हणून फाइलीचं नाव आखूड ठेवा, पाल्हाळ टॅगमध्ये. टॅग जर कोणी युनिकोडआधीच्या, श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टच्या जमान्यात भरले असतील तर ते नव्या सर्व्हरवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतील. तो सर्व्हरचा दोष नाही, ते आधीपासूनच तसे आहेत. हलवण्याआधी युनिकोडमध्ये करून घ्या.

कलाकाराचं नाव एकाच तऱ्हेने लिहा. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे सर्व्हरच्या लेखी तीन वेगळे गवई. उपाधी लावलीत तर यादीत निम्मं घराणेदार संगीत ‘प’खाली जमतं, उरलेलं ‘उ’खाली. मी उपाध्या सरसकट काढल्या. यावरूनही घरात बोलणी खाल्ली, पण यादी वापरायची मला आहे. सवाई गंधर्व की रामभाऊ कुंदगोळकर, हेही एकदा ठरवून टाका आणि दुसरं नाव कॉमेंटमध्ये ठेवा.

एक राहिलंच. मी म्हणालो ते ‘राग’, ‘पेटी’ असले स्वतःचे रकाने नॅव्हिड्रोम आपणहून दाखवत नाही, म्हणून तीच माहिती कॉमेंटमध्येही एका ओळीत घाला. आणि तुमचा संग्रह निव्वळ बाजारात मिळणाऱ्या अल्बमचा असेल तर चुलतभावाचं सॉफ्टवेअर खुशाल वापरा, तिथे ते छान चालतं. हे त्याला सांगू नका.

आणि हो, तुमचं आयट्यून्स. त्याने स्वतः उतरवून घेतलेली कव्हरं फाइलीत नसतात, वेगळ्या फोल्डरात असतात. तुम्ही हाताने चिकटवलेली तेवढी फाइलीसोबत येतील. दिलेले तारे आणि प्ले-काउंटही फाइलीत नसतात, त्याच्या लायब्ररीत असतात. तेव्हा काहीही हलवण्याआधी लायब्ररीची एक्सएमएल फाइल एक्स्पोर्ट करा. ती वाचून नॅव्हिड्रोममध्ये आकडे भरणाऱ्या स्क्रिप्ट लोकांनी लिहिल्या आहेत, पण गाणं ओळखायला फाइलीचं नाव आणि पत्ता लागतो, म्हणून लांबीमुळे अडणारी सोडून बाकीची नावं आकडे भरून होईपर्यंत बदलू नका. मी स्वतः प्ले-काउंट आणला नाही. कितीदा ऐकलं ते मोजून काय करायचंय?