मुंबई विमानतळावर आईवडिलांना घ्यायला नाशिकहून जातोय; गेटसमोर गाडी लावून थांबू देतात का?

नाही, थांबू देत नाहीत. "मी स्टेअरिंगवरच बसून राहीन, इंजिन चालू ठेवीन" असं तुम्ही लिहिलंय, पण त्यानेही काही फरक पडत नाही. मी नाशिकहून टुरिस्ट गाडी चालवतो, सहारच्या (मुंबई विमानतळाच्या) फेऱ्या नेहमीच्याच. आत माणूस असला की चलान होत नाही, हा समज मी सगळीकडे ऐकतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ बघा. इतरांना धोका, अडथळा किंवा त्रास होईल अशी गाडी उभी ठेवणं हाच गुन्हा. आत कोणी बसलंय का, हा मुद्दाच त्यात नाही. कलम १७७ प्रमाणे दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडलात तर १,५०० पर्यंत. शिवाय पार्किंगला मनाई असलेल्या जागेवरची गाडी टो करायला किंवा तिला जॅमर लावायला गणवेशातला पोलिस अधिकारी सांगू शकतो, ते कलम १२७. त्यातली गाडी दहा तास उभी असण्याची अट बेवारस सोडून दिलेल्या गाडीसाठी आहे, नो पार्किंगसाठी नाही. पोलिस तुमच्याशी वाद घालत बसेलच असंही नाही. एमएच १५ नंबर प्लेटचा फोटो निघतो आणि मेसेज गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइलवर जातो. मेव्हण्याची गाडी नेणार असाल तर त्याला आधीच सांगून ठेवा. (चलानच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली तर ती उघडू नका, ती फसवणूक असते. खरं चलान वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर दिसतं.)

शिट्ट्या मारून गाड्या हाकलणाऱ्यांचा राग येतो, मला कळतं. पण टर्मिनलसमोरच्या लेनचा हिशोब करून बघा. १०० मीटर लांबीत फार तर १५ गाड्या लागतात. प्रत्येक गाडी दोन मिनिटांत सामान भरून निघाली तर तासाला ४५० गाड्या सुटतात. प्रत्येकाने "पाचदहा मिनिटंच" म्हणत दहा मिनिटं घेतली की ९०. रात्री परदेशातली दोन मोठी विमानं पाठोपाठ उतरली तर सहाशेच्या आसपास माणसं ट्रॉल्या घेऊन बाहेर येतात. त्यात कोणी दुसऱ्या लेनमध्ये गाडी उभी केली की मागची रांग थेट पुलापर्यंत जाते आणि त्या रांगेत आजारी माणूस घेऊन चाललेली गाडीही अडकलेली असते. दुसरं कारण सुरक्षेचं. ३० जून २००७ ला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विमानतळावर गॅस सिलिंडर भरलेली जीप सरळ टर्मिनलच्या दारावर घातली होती. दारासमोर रेंगाळणाऱ्या गाडीकडे जगभर संशयाने पाहिलं जातं ते उगाच नाही.

आपल्या नाशिककरांची सवय ओझरच्या विमानतळाची. तिथे विमानं मोजकी, गाड्या मोजक्या, माणूस समोरून चालत येताना दिसतो. सहारला ते चालत नाही.

म्हणून नियम एकच धरा: आधी माणूस सामानासकट बाहेर, मग गाडी त्याच्यापाशी. "विमान उतरलं" म्हणजे माणूस बाहेर आला असं नाही. इमिग्रेशन, मग बॅगांचा पट्टा, मग कस्टम्स. परदेशातून येणाऱ्याला तासभर सहज जातो. तोवर तुम्ही बहुमजली पार्किंगमध्ये थांबा. टर्मिनल २ ला ते इमारतीला लागूनच आहे. आत शिरताना पाटी बघून सरळ तिकडे वळा, आगमनाच्या रस्त्यावर चकरा मारू नका. पार्किंगचे पैसे जड वाटतात हे खरं, पण नाशिकहून दीडशे किलोमीटरच्या वर डिझेल जाळून आल्यावर तिथे हात आखडण्यात अर्थ नाही.

वेळेचा ताळमेळ बसवून अगदी ऐनवेळी पोहोचायचं गणित नाशिकहून मांडू नका. कसारा घाट पार झाला की वाटतं, आलंच आता. खरी परीक्षा भिवंडी-ठाण्याच्या पट्ट्यात रांजणोली, मानकोली, खारेगाव, माजिवडा इथे असते. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सुरू झाल्याने घाटाचा वेळ वाचतो, पण भिवंडीच्या पुढे आपण सगळे त्याच कोंडीत. लवकर निघा आणि शहापूर-पडघ्याच्या पट्ट्यात चहा-जेवण उरकून घ्या.

निघण्याआधी तिकीट स्वतः डोळ्यांनी बघा. टर्मिनल १ सांताक्रूझला, टर्मिनल २ सहारला, दोघांचे रस्ते वेगळे. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुरू झालीत. तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे बघितल्याशिवाय गाडी काढू नका. चुकीच्या विमानतळावर पोहोचलात तर अख्खं शहर ओलांडावं लागतं.

सगळ्यात मोठी अडचण फोनची येते. म्हातारी माणसं महिनोन् महिने मुलीकडे राहून येतात, तोवर इथल्या सिमचं रिचार्ज संपलेलं असतं. विमानतळाचं वायफाय ओटीपी मागतं आणि ओटीपी त्याच बंद सिमवर येणार. मग आईवडील बाहेर उभे, तुम्ही पार्किंगमध्ये, दोघंही घाबरलेले. दोघांपैकी एकाचं तरी रिचार्ज आजच घरबसल्या करून टाका. बाहेर आल्यावर दाराच्या पाटीवरचा गेट क्रमांक वाचून सांगायचा आणि तिथून हलायचं नाही, एवढं त्यांना फोनवर दोनदा सांगा.

एक गोष्ट मला मनापासून खुपते. अमेरिकेतल्या बऱ्याच विमानतळांवर थोड्या अंतरावर मोफत वाहनतळ असतो; ड्रायव्हर गाडीत बसून थांबतो आणि फोन आला की निघतो. गाड्या हाकलल्याने त्या नाहीशा होत नाहीत, त्याच रस्त्यावर गोल फिरत राहतात, नाहीतर हायवेच्या कडेला अंधारात उभ्या राहतात, आणि ते जास्त धोक्याचं. रात्रभर जागून गाडी चालवणाऱ्याला पाठ टेकायला जागा आणि स्वच्छतागृह मिळालं पाहिजे. नवी मुंबईला मोकळी जमीन आहे, तिथे हे व्हायलाच हवं.

वडिलांचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय. तर विमान कंपनीकडे व्हीलचेअर आत्ताच नोंदवा, विमान सुटायच्या किमान ४८ तास आधी. मदतनीस त्यांना इमिग्रेशनमधून, बॅगा घेऊन बाहेरपर्यंत आणतो. पार्किंगच्या लिफ्टपर्यंत तो येईल का, हे नोंदवतानाच विचारून घ्या. नाही म्हणाले तर सोबत भाऊ किंवा मित्र न्या, म्हणजे एक जण गाडीपाशी आणि एक जण दाराशी राहील.