तात्त्विक वाद हमरीतुमरीवर येऊ न देता कसा घालावा?

तुमचा प्रश्न असा आहे की ईश्वर, इच्छास्वातंत्र्य, नीती असे विषय निघाले की चांगले शिकलेसवरलेले लोकही चार वाक्यांत एकमेकांच्या अंगावर का येतात, आणि हे आवरायचं कसं. असे चर्चागट मी चालवलेत, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

अपशब्दांवर बंदी घालून फारसं साधत नाही. 'क्षमस्व', 'नम्रपणे सांगू इच्छितो' असं म्हणत म्हणत समोरच्याला पार अडाणी ठरवणारे महाभाग सगळीकडे भेटतात. नियमात ते कुठेच अडकत नाहीत. ठिणगी बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी पडलेली असते: एकाला मुद्दा समजून घ्यायचा असतो, दुसऱ्याला जिंकायचं असतं, आणि हे दोघांपैकी कोणीच बोलून दाखवलेलं नसतं.

न्यायसूत्रांनी, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथाने, चर्चेचे तीन प्रकार केलेत ते याच कारणाने उपयोगी पडतात. वादात दोघांनाही खरं काय ते ठरवायचं असतं. जल्पात विजय हवा असतो आणि त्यासाठी डावपेचही चालतात. वितंडेत स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची पाडायची. गंमत अशी की जल्प आणि वितंडा सूत्रकारांनी सरसकट टाकाऊ ठरवलेले नाहीत. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं आपल्या निश्चयाचं रक्षण करायला ते चालतात, असं सूत्रच आहे. म्हणून मी एक साधी गोष्ट सुचवतो. विषय काढणाऱ्याने पहिल्याच ओळीत सांगून टाकावं: 'मला हे समजून घ्यायचंय', किंवा 'मी ही बाजू लढवणार आहे', किंवा 'माझी स्वतःची बाजू नाही, यातल्या त्रुटी काढायच्यात'. तिन्ही चालतील. न सांगता एकातून दुसऱ्यात घसरलात की डोकी फिरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांडायचं, त्याने 'हो, हेच' म्हणायचं, मग खंडन. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. समजा एकजण म्हणाला, 'माणसाला इच्छास्वातंत्र्य नाही, कारण प्रत्येक निर्णयामागे आधीची कारणं असतात.' लगेच उत्तर येतं, 'म्हणजे खुन्याला शिक्षाच करू नये म्हणता!' हे साप साप म्हणून भुई धोपटणं झालं, पहिला भडकणारच. त्याऐवजी दुसऱ्याने विचारावं, 'तुमचं म्हणणं असं ना, की त्या क्षणी तो माणूस वेगळं काही करूच शकला नसता?' पहिला म्हणेल, 'जवळजवळ. शिक्षा नको असं मात्र मी म्हणत नाही. ती सूड म्हणून नको, पुन्हा गुन्हा होऊ नये म्हणून असावी.' बघा, खरा प्रश्न आत्ता कुठे वर आला: वेगळं वागणं शक्यच नसेल, तर माणूस आपल्या कृत्याला जबाबदार कसा? अमेरिकी तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९६९ मध्ये नेमका या गृहीतकावरच घाव घातला. वेगळं वागायची वाट बंद असूनही माणूस जबाबदार असू शकतो, असं त्यांनी कल्पित उदाहरण रचून मांडलं, आणि त्यावर तत्त्वज्ञ अजून भांडताहेत. खुन्याच्या शिक्षेवर तलवारी उपसणारे इथवर पोचतच नाहीत.

भांडण पेटण्याची दुसरी जागा म्हणजे छल, बोलणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्या शब्दाला चिकटवणं. 'नवकंबल' म्हणजे नवं कांबळं असलेला मुलगा, पण संस्कृतात 'नव' म्हणजे नऊही. छल करणारा म्हणतो, 'याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत?' हा न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातला नमुना. आजचा अवतार म्हणजे 'तुमची तरी विज्ञानावर श्रद्धाच ना?' तपासून बघता येणाऱ्या गोष्टीवरचा भरवसा आणि तपासणीच्या पलीकडची निष्ठा, दोन्ही एकाच पोत्यात. इथे चिडण्याऐवजी 'या वाक्यात श्रद्धा कोणत्या अर्थाने घेतलीत?' एवढंच विचारावं.

पण हेही लक्षात असू द्या: न्यायसूत्रांत बावीस निग्रहस्थानं, म्हणजे बोलणारा हरला असं ठरवणाऱ्या जागा, आहेत आणि त्यात समोरच्याकडे नसलेला दोष त्याच्या माथी मारणं हेही एक आहे. 'हा तर्कदोष!' असं ऊठसूट ओरडणाऱ्या मंडळींना हे आवर्जून ऐकवावं.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या विमानस्थान या भागात वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी ते सांगितलंय. संधाय संभाषा म्हणजे सलोख्याची, विगृह्य संभाषा म्हणजे झुंजीची. पहिली कुणाशी करावी? जो चिडका नाही, मत्सरी नाही, ज्याचं मन वळवता येतं, अशाशी. आणि तिथे हरण्याच्या भीतीने बिचकू नये, हरवलं तर हुरळून जाऊ नये, चारचौघांत त्याची फुशारकी मारू नये. हा शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो. 'जितं मया' ऐकावं लागणार असेल तर चूक कबूल कोण करेल? कुणी मुद्दा मान्य केला की त्याचा डांगोरा न पिटता पुढच्या मुद्द्यावर जायचं, एवढी शिस्त गटात रुजली तरी निम्मं काम होतं.

गट चालवणाऱ्यासाठी वेगळा इशारा आहे. मिलिंदपञ्ह या पाली बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला अट घालतो: पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलेन, राजांसारखं असेल तर नाही. पंडितांच्या चर्चेत उलटतपासणी होते, चूक दाखवली जाते, तरी ते रागावत नाहीत. राजाला मात्र कुणी विरोध केला की तो शिक्षा फर्मावतो. लोकांना काढून टाकायचा अधिकार ज्याच्या हातात आहे, त्याने ज्या वादात स्वतः उडी घेतली त्याचा निवाडा दुसऱ्याकडे सोपवावा. यावर तडजोड नको.

सभ्यतेचा बडगाही होतो. ज्याच्या जगण्याशीच प्रश्न बांधलेला आहे त्याचा आवाज चढला, तर 'सूर सांभाळा' म्हणत त्याचा मुद्दा गुंडाळून ठेवू नये. सूर तापलेला असला तरी त्याने दिलेलं कारण पक्कं असू शकतं. आधी त्याला उत्तर द्यावं.

एका बाबतीत मात्र मी सूत्रकारांचं ऐकत नाही. कामाचं निमित्त सांगून चर्चा मध्येच सोडणं हाही त्यांच्या लेखी पराभव, त्याला ते विक्षेप म्हणतात. माझ्या गटांत कुणीही कधीही उठू शकतो. फक्त उठताना दोन ओळी लिहायच्या: कशावर एकमत झालं आणि कोणता प्रश्न उरला. दुसऱ्या दिवशी कुणाला तो धागा उचलायचा असेल, तर त्याने त्या उरलेल्या प्रश्नापासून सुरुवात करायची.