जाहिरातींमुळे स्त्री-पुरुषांच्या भूमिकांबद्दलच्या कल्पना खरोखरच घडतात का?

एखाद-दुसऱ्या जाहिरातीने माणूस बदलत नाही, हे खरे आहे. परिणाम होतो तो पुनरावृत्तीचा. धुण्याची पावडर, मसाला आणि बाळाचा साबण यांच्याबरोबर बाईच, तर विमा, सिमेंट आणि मोटारीबरोबर पुरुषच वर्षानुवर्षे दिसत राहिला, की ती कोणीतरी केलेली निवड न वाटता निसर्गनियम वाटू लागते. कोल्हापुरात हा विरोधाभास मला विशेष जाणवतो. ताराराणी चौकात महाराणींचा अश्वारूढ पुतळा आहे, २०१० साली नेमबाजीत विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत इथलीच. तरीही फलकांवर बाई बहुधा दागिन्यांपुरती किंवा साडीपुरतीच उरते (गुजरीचे, म्हणजे सराफ बाजाराचे गाव म्हणून थोडी सूट देऊ), आणि व्यायामशाळेच्या फलकावर पिळदार दंडाचा पुरुष असतो.

भारतीय जाहिरात मानक परिषद ही जाहिरात क्षेत्राची स्वयंनियामक संस्था आहे. तिने जून २०२२ मध्ये अपायकारक लिंगभाव-साच्यांविषयी, म्हणजे बाईने असेच आणि पुरुषाने तसेच असावे अशा ठरावीक कल्पनांविषयी, मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार स्त्रीला घर झाडताना दाखवायला हरकत नाही. मात्र ते काम केवळ तिचेच आहे असे सुचवणे, किंवा साच्यात न बसणाऱ्याची टिंगल करणे आक्षेपार्ह ठरते. माझ्या मते टिंगलीचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण लाटणे हातात घेतलेल्या पुरुषावर हसायला मुले तिथूनच शिकतात.