शेजारचा मुलगा 3 वर्षं तुरुंगात राहून इंदूरला घरी परतलाय. तो पुन्हा वाममार्गाला लागू नये म्हणून आम्ही काय करू शकतो?

पहिल्या महिन्याभरात त्याचा मोबाइल नंबर, आधार आणि बँक खातं सुरू करून द्या आणि ओळखीतल्या एखाद्या मालकाकडे स्वतः घेऊन जा. मी विधी साहाय्याचं स्वयंसेवी काम करतो. सुटून आलेल्यांचं गाडं बहुतेकदा इथेच अडतं. जुनं सिम कधीच बंद पडलेलं, त्यामुळे ओटीपी येत नाही, ओटीपी नाही म्हणून खातं चालत नाही, आणि मालक म्हणतो पगार खात्यातच जमा होईल. मग रोख पैसे हातावर ठेवणारे जुने दोस्तच उरतात! आधारला नवा नंबर जोडायला केंद्रावर जावं लागलं, तर त्याला एकट्याला पाठवू नका, सोबत जा.

कामाच्या ठिकाणी शिक्षेची गोष्ट लपवू नका. जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीची एवढी दुकानं आहेत, एखादा शिकाऊ म्हणून ठेवून घेईल. (पत्ता ऐकून तो हसेल, हसू द्या.) दुसरा खटला बाकी असेल तर तारखा तुमच्याही कॅलेंडरवर लिहा, एक तारीख चुकली तरी वॉरंट निघू शकतं. वकील परवडत नसेल तर 15100 या क्रमांकावर विधी सेवेची मोफत मदत विचारता येते.

एक मात्र आहे: ज्याच्याबाबतीत गुन्हा घडला ते कुटुंब त्याच मोहल्ल्यात असेल, तर तिथेच राहण्याचा आग्रह धरू नका. काही दिवस मामा-मावशीकडे राहिलेलं बरं. आणि उसने पैसे देऊ नका, काम द्या.