वंशावळ लिहिणारी मुलगी

प्रश्न : आमची बाय साखळीला बारावी सायन्सला आहे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय, मार्क चांगले पडतात. फार्मसी नको, नर्सिंग नको, 'मला संशोधन करायचंय' म्हणते. कशात, म्हणून विचारलं तर वहीचं पान पुढे केलं. त्यावर तीन विषय : बेटांवरचे पक्षी, कोवळ्या ताऱ्यांचे समूह आणि कायदेमंडळात सदस्यांसाठी काम करणारा नोकरवर्ग. एक ना धड भाराभर चिंध्या! चवथीच्या सुट्टीत अभ्यास बाजूला ठेवून घरी आलेल्या आत्या-आज्यांना धरून घराण्याची वंशावळ लिहीत बसली. त्यातही बायकांची नावं आणि माहेरं घालायचा हट्ट. मी दुकानदार माणूस. तिघांतला एक विषय निवडायला तुम्हीच तिला सांगा. यात पोट भरेल का आणि मुलीच्या जातीने एकटीने बेटांवर फिरायचं का, तेही लिहा.
– एक पालक, डिचोली तालुका, गोवा

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वंशावळीपाशी थांबलो. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे. मला मात्र तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच सापडलं.

पॅसिफिक महासागरात गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर नावाचं एक लहानसं, निर्मनुष्य बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ नवरा-बायको १९७३पासून चाळीस वर्षं दरसाल तिथे जात राहिले. फिंच नावाचे चिमणीएवढे, बिया खाणारे पक्षी पकडायचे, पायात रंगीत कड्या घालायच्या, चोच मोजायची आणि सोडून द्यायचं. कुणाची आई कोण, कुणाचं कुणाशी जमलं, किती पिल्लं जगली, सगळं वहीत. १९७७ साली पावसाने दगा दिला. बारीक मऊ बिया संपल्या आणि उरली ती आपल्याकडच्या सराट्याच्या जातभाईची काटेरी, टणक फळं. ती फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी जास्त तगले, बाकीचे बहुतेक मेले. जगलेल्यांची चोच आधीच्या सरासरीहून सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जाड होती, आणि पुढची पिढीही जाड चोचीची निघाली. अर्धा मिलिमीटर! तुमच्या बायच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेतला कॅलिपरही तो दाखवील. पण तो अर्धा मिलिमीटर सापडला, कारण त्या बेटावरचं जवळजवळ प्रत्येक पाखरू त्या दोघांना ओळखीचं होतं. मोकळ्या रानात पक्षी मेला की उडून गेला, हेच कळत नाही. बेटावर अख्खं घराणं नजरेसमोर राहतं.

आता तारे. तेसुद्धा एकेकटे जन्मत नाहीत. वायू आणि धुळीच्या एका ढगातून शेकड्यांनी जन्मतात आणि हळूहळू पांगतात. विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत होड्या सोडता त्या त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, म्हणून तर महिना कार्तिक. नुसत्या डोळ्यांना त्या सहा-सात दिसतात, पण तिथे हजाराहून जास्त भावंडं आहेत आणि त्यांचं वय जेमतेम दहा-बारा कोटी वर्षं. आपला सूर्य चारशे साठ कोटींचा, त्याच्यापुढे ही तान्ही पोरंच. त्याहून लहान समूहही आहेत. बीटा पिक्टोरिस या ताऱ्याच्या नावाचा गट साधारण दोन-सव्वादोन कोटी वर्षांचा आहे, पण त्यातली भावंडं आकाशभर विखुरलीत. ती ओळखायची चालीवरून. गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीने सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या. त्यांतले एकाच दिशेने, एकाच वेगाने चाललेले वेगळे काढायचे, त्यांची चाल गणिताने उलटी फिरवायची आणि ते कधी एका जागी होते ते पाहायचं. शिवाय लिथियमची साक्ष काढायची. सूर्याहून लहान ताऱ्यांतलं लिथियम वयाबरोबर जळून जातं. ते शिल्लक असलं तर तारा कोवळा.

तिसरा विषय तुम्हाला सगळ्यांत विचित्र वाटला असेल. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, प्रत्येक सदस्याच्या हाताशी पगारी मदतनीस असतात, आणि १९४६च्या एका कायद्याने तिथल्या समित्यांनाही जाणकार नोकरवर्ग मिळाला. टिपणं काढणं, मसुदा तपासणं, साहेबाने काय विचारावं ते सुचवणं ही कामं त्यांची. त्यांच्या पगाराच्या नोंदी सार्वजनिक असल्यामुळे कोण कुठल्या कार्यालयातून कुठे गेलं याचा माग काढता येतो. ज्या दोन सदस्यांच्या कार्यालयांत महत्त्वाची माणसं इकडून तिकडे गेली, त्यांचं मतदान एकमेकांच्या जवळ जातं, असं अभ्यासकांना आढळलंय. आपल्याकडे आमदाराला असा अभ्यासू मदतनीस क्वचितच मिळतो. विधिमंडळाच्या सचिवालयाला मात्र राज्यघटनेच्या कलम १८७ने स्वतंत्र कर्मचारीवर्ग दिला आहे. पर्वरीला आपल्या विधानसभेत चाळीस आमदार बसतात, त्यांची नावं पोराटोरांना माहीत. त्यांच्या पुढ्यात येणारा कागद कुणी तयार केला, हे कुणी विचारत नाही.

तुमची मुलगी विचारते. घराण्याच्या झाडावर बायकांची नावं का नाहीत, हेही तिनेच विचारलं. नोंदीतून कोण गळलंय हे दिसणं म्हणजे संशोधकाची नजर, आणि ती शिकवून येतेच असं नाही.

म्हणजे या तीन चिंध्या नाहीत. एक छोटा, हद्द आखलेला गोतावळा घ्यायचा, त्यातला एकेक जण नावानिशी ओळखायचा आणि वर्षानुवर्षं त्याच्या मागावर राहायचं, हे एकच काम तिन्हीकडे आहे. तिला आवडतं ते हेच. पूर्वी मीही 'आधी एक विषय ठरव, मग ये' असं मुलांना सांगत असे. आता सांगत नाही. सतराव्या वर्षी विषय ठरवून घेतला की मूल पुढे आपली आवड नव्हे, दिलेला शब्द पाळत बसतं.

पण कुठलं दार आधी बंद होतं, ते पाहावंच लागतं. बी.ए. करून ताऱ्यांकडे जाता येत नाही. बी.एस्सी. करून राज्यशास्त्राकडे मात्र जाता येतं. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या दिल्लीच्या संस्थेची लँप नावाची फेलोशिप आहे. त्यात तरुण पदवीधर सुमारे वर्षभर एका खासदाराबरोबर संशोधन-साहाय्यक म्हणून काम करतात, आणि तिथे पदवी कुठल्याही शाखेची चालते. त्यामुळे तिसरं दार उघडंच राहणार. पक्ष्यांच्या संशोधनाला आज संख्याशास्त्र लागतंच. तेव्हा माझं मत स्वच्छ आहे : गणित सोडू देऊ नका. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञानसंस्थांची प्रवेशपरीक्षा तिने द्यावी. तिथल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सुरुवातीला सगळ्या विज्ञानशाखा शिकाव्या लागतात, तिच्यासारखीला ते फार मानवेल. नाही जमलं तर धेंपे किंवा चौगुलेसारख्या इथल्याच कॉलेजात बी.एस्सी., गणित किंवा भौतिकशास्त्र धरून. तेही कमी नाही.

विषय मात्र पुस्तक वाचून निवडू नये. त्या कामातला दिवस कसा जातो, ते पाहून निवडावा. परीक्षा संपली की एप्रिल-मेमध्ये तिला हे करू द्या. दर रविवारी सकाळी रायबंदरहून फेरीबोट धरून चोडणला जायचं. तिथलं सलीम अली अभयारण्य १९८८पासून आहे, दोन चौरस किलोमीटरही नाही. एकच वाट, एकच वेळ, एक तास. ओहोटीला खारफुटीची मुळं उघडी पडली की चिखलात कोण उतरतं ते मोजायचं आणि लिहायचं. चौथ्या रविवारीही उठून जावंसं वाटलं, तर तिला पक्षी आवडतात असं मी म्हणेन. दुसऱ्या आठवड्यात गायाची माहिती. ती सगळ्यांना खुली आहे, फुकट आहे. कृत्तिकांच्या दिशेचे तारे उतरवून घ्यायचे आणि त्यांतले एका चालीचे कुठले, ते आलेखावर स्वतः शोधायचं. दिवसभर पडद्यापुढे बसून आनंद होतो का, ते तेव्हाच कळेल. आणि अधिवेशन चालू असेल तेव्हा एका विधेयकाचा किंवा एका तारांकित प्रश्नाचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. पास काढून प्रेक्षक-सज्जात एक दिवस बसवलंत तर फारच बरं.

एकटीने फिरण्याचं म्हणाल तर चोडण हेही बेटच आहे, पहिल्या रविवारी तुम्हीही जा. पुढचं काम बहुधा गटाने आणि वनखात्याच्या परवानग्या घेऊन चालतं. डॅफ्नी मेजरच्या खडकावर तंबूत राहून पक्षी मोजणाऱ्या रोझमेरीबाई दोन मुलींच्या आई होत्या.

पोटाचं लपवून ठेवत नाही. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात. त्यानंतर कायमच्या जागा थोड्या आणि उमेदवार फार. म्हणजे तिशीपर्यंत घरी मोठा पैसा येणार नाही, हे आजच दोघांनी मिळून बोलून घ्या. तिच्या हाती राहील ते आकडे हाताळायचं कसब, आणि त्यावर संशोधनाबाहेरही नोकऱ्या मिळतात.

सध्या बारावी आहे, तेव्हा वही दिवसाला अर्धाच तास. पण तुळशीच्या लग्नाला तिच्या आजीच्या माहेरी जाणार असाल तर वही बरोबर घेऊ द्या. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतंय तोवर ती फांदी लिहून होऊ दे.